इलेक्ट्रिक पिकअपचे मागचे टायर संपत आलेत, नवे कोणते घ्यावेत?

द्राक्षबाग दिंडोरी

नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातली शेतकरी. घरची द्राक्षबाग, जोडीला टोमॅटो आणि थोडा भाजीपाला. डिझेल पिकअप विकून आम्ही इलेक्ट्रिक घेतली, एक टन मालाची. गाडी मीच चालवते. टोमॅटो सुरू असला की पिंपळगाव बसवंतचं मार्केट, एरवी भाजी घेऊन नाशिकला, गंगापूर रोड आणि इंदिरानगरच्या सोसायट्यांमध्ये. गाडीवर माझा जीव आहे. डिझेलचा खर्च गेला, क्लच-गिअरची दगदग गेली, आणि पहाटे अंधारात निघाले तरी घरात कुणाची झोप मोडत नाही.

आता मागचे दोन्ही टायर बदलायला आलेत. गाडी ३४ हजार किलोमीटरच्या घरात आहे. टायर कंपनीचेच, १८५ आर १४ एलटी (हलक्या मालवाहू गाडीचे), ८ पीआर (आठ थरांच्या ताकदीचे), रेडियल. खोली मोजायची छोटी पट्टी माझ्याकडे आहे. मागे नक्षी २ मिलिमीटरच्या आसपास उरलीय, दोन्ही चाकांवर सारखी, मध्यभागी आणि कडेला सारखी. पुढे अजून साडेचार आहे, फक्त डाव्या पुढच्या चाकाची बाहेरची कड जास्त घासलीय. आधीच्या डिझेल गाडीचे मागचे टायर याच रस्त्यांवर, एवढ्याच मालावर बरेच जास्त चालले होते. म्हणून पहिला प्रश्न हा, की इलेक्ट्रिकला मागचे टायर लवकरच जातात का?

दुसरा प्रश्न कोणते घ्यायचे हा. दुकानं फिरले, पण प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. एक म्हणाले, आहे तोच टायर परत घाला, सरळ रेघांच्या नक्षीचा. दुसऱ्यांनी मोठ्या गोट्यांचा लग टायर दाखवला, शेतावरची गाडी आहे तर हाच घ्या, जास्त किलोमीटर देईल, किंमतही कमी. तिसऱ्यांनी १८५/८० आर १४ हा कारचा टायर काढला. माप तेच, रिंगवर बसतो, रबर मऊ आहे, गाडीची रेंज वाढेल असं सांगितलं, आणि तो सगळ्यांत स्वस्त होता. आणखी एक जण म्हणाले, ईव्हीला 'ईव्ही टायर'च लागतो, दुसरा घातला तर मोटर खराब होईल. या मापात तो त्यांच्याकडे नव्हता.

मला रेंजची काळजी खरीखुरी आहे. पिंपळगावला लिलाव लांबला, वाहनांची रांग लागली, त्यात तिथून नाशिकला एखादी डिलिव्हरी निघाली, तर घरी पोचताना बॅटरी तळाला गेलेली असते. पण रेंजसाठी ब्रेक आणि पकड गमवायची नाही. मागे टोमॅटोचे ५० क्रेट आणि शेजारच्या सीटवर माझी मुलगी, असा बऱ्याचदा प्रवास असतो. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकमध्ये जागोजागी रस्ते उकरलेत, खडी पसरलेली असते, तेही बघायला हवं.

ज्यांनी इलेक्ट्रिक मालवाहू गाडीचे टायर बदललेत किंवा ज्यांचा हाच धंदा आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.


टायरवाला द्वारका

ताई, आकडे नीट दिलेत त्यामुळे बोलायला सोपं झालं. आमचं दुकान द्वारका सर्कलच्या बाजूला, वडिलांनी सुरू केलेलं. आमच्याकडे पिकअप, छोटा हत्ती, टेम्पो यांचंच काम जास्त, आणि हल्ली इलेक्ट्रिक गाड्याही रोज दिसतात.

तिसऱ्या दुकानातला कारचा टायर घेऊ नका. हे सगळ्यांत आधी सांगतो, कारण बाकीच्या गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालतं, यात चालत नाही. तुमच्या आत्ताच्या टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे १०२/१०० असं लिहिलेलं सापडेल. तो वजनाचा निर्देशांक. १०२ म्हणजे एका टायरवर ८५० किलो, आणि १०० म्हणजे जोडचाक असेल तर प्रत्येकी ८०० किलो. कारच्या १८५/८० आर १४ वर साधारण ९१ असतं, म्हणजे ६१५ किलो. दोन टायर मिळून १,२३०. तुमच्या ५० क्रेटचं गणित करा. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर माल १,००० किलो, त्यात रिकाम्या क्रेटचे दीड-दोन किलो प्रत्येकी, म्हणजे आणखी ७५ ते १०० किलो. हा बहुतेक सगळा भार मागच्या आसावर येतो, वर गाडीचं स्वतःचं वजन, आणि इलेक्ट्रिकला बॅटरीचं वजन आहेच. कारचा टायर रिंगवर बसेल, रिकामी गाडी छान मऊ चालेलसुद्धा, आणि एप्रिलच्या दुपारी भरल्या मालाने हायवेला बाजू तापून फुटेल. असे फुटलेले टायर आमच्या दुकानात येतात, ते उघडून बघितले की बाजूच्या आतले धागे सुटलेले असतात. १०२/१०० च्या खाली जाऊ नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. इलेक्ट्रिक मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते, इंजिनासारखी आवाज करत हळूहळू वर चढत नाही. तो सगळा जोर मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर जातो. शिवाय पाय उचलला की गाडी मोटरनेच आवरते, तेव्हा बॅटरीत चार्ज परत येतो, ते ओढणंही त्याच दोन चाकांवर. डिझेलला ब्रेक चारही चाकांत वाटला जायचा. इथे पळायचं कामही मागच्यांचं आणि थांबायचं बरंचसं कामही मागच्यांचं. दोन्ही टायर सारखे घासलेत, मध्ये-कडेला फरक नाही, म्हणजे मागची हवा तुम्ही बरोबर ठेवताय. गाडीत दोष शोधत बसू नका.

'ईव्ही टायर'बद्दल. कारच्या मापांत असे टायर निघालेत, अपोलोचा ॲम्पेरिऑन, सीएटचा एनर्जीड्राइव्ह वगैरे. त्यांत कमी घर्षणाचं रबर, जादा वजनासाठी मजबूत बांधणी आणि कमी आवाज यांवर भर असतो. तुमच्या एलटी मापात त्या नावाची वाट बघत बसायचं कारण नाही. मोटर टायरच्या नावाने खराब होत नाही. गरज आहे ती रेडियल, ८ पीआर, पुरेसा निर्देशांक आणि सरळ रेघांची नक्षी, म्हणजे रिब. लग टायर डांबरी रस्त्यावर गुणगुणतो, गोट्या वाकतात, तापतो आणि चार्ज खातो. नायलॉनचा, म्हणजे रेडियल नसलेला जुन्या पद्धतीचा टायर तर इलेक्ट्रिकला कुणी फुकट दिला तरी घालू नका.

घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दुकानात उन्हात पडून राहिलेला जुना माल पॉलिश करून देतात, बाहेरून कळत नाही. आणि बदलताना एवढं करा, की जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात बघून दुकानदाराला स्वतः दाखवा. डिझेल गाडीची सवय असलेला पोऱ्या खाली सरकतो आणि दिसेल तिथे जॅक टेकवतो. तुमच्या गाडीखाली बॅटरीची पेटी आहे आणि जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायर आहेत. पेटीला दणका बसला तर तो खर्च टायरच्या कितीतरी पट.


पेठ रोड चालक

द्वारकाचे दादा म्हणाले त्यातलं वजनाचं शंभर टक्के खरं. लगच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे.

मी नाशिकहून पेठकडे किराणा माल नेतो, इलेक्ट्रिक पिकअपनेच. पाड्यांवर जाणारे आतले रस्ते पावसाळ्यात कसे असतात ते त्या भागातल्याला सांगायला नको. सरळ रेघांच्या टायरला चिखल बसला की चाक जागेवर फिरतं. इलेक्ट्रिकला तर जास्तच, कारण थोडा पाय दाबला तरी मोटर एकदम जोर देते आणि चाक खड्डा करून बसतं. मी मागे सेमी-लग घातलेत, मध्ये रेघा आणि कडेला गोट्या. डांबरीवर पूर्ण लगइतका त्रास नाही, मातीत गाडी निघते. रेंज थोडी कमी झाली, पण अडकून ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही. ताई, तुमच्या बागेची वाट कशी आहे यावर हे ठरवा. काळी माती असेल तर माझं ऐका.

दुसरी गोष्ट, याच्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पाऊस, रिकामी गाडी आणि उतार, हे तिन्ही एकत्र आले की सांभाळा. मोटरचा ब्रेक मागच्या चाकांनाच आहे. गाडी रिकामी असली की मागे वजन नाही. सावळघाट उतरताना ओल्या वळणावर पाय एकदम उचलला तर मागची चाकं धरली जातात आणि गाडीचं बूड बाजूला सरकायला बघतं. टायर घासून गुळगुळीत झालेला असेल तर सरकतंच. तुमच्या गाडीला मोटर ब्रेकचा जोर कमी-जास्त करायची सोय असेल तर पावसात तो कमीवर ठेवा, आणि पाय हळूहळू उचला. आणखी एक, बॅटरी पूर्ण भरलेली असताना घाट उतरायला लागलात तर मोटर नेहमीसारखी गाडी आवरत नाही, कारण परत येणारा चार्ज ठेवायला जागा नसते. तेव्हा सगळं काम पायातल्या ब्रेकवर येतं. नवीन माणूस इथे दचकतो. वणी, सप्तशृंग गडाकडे माल नेत असाल तर हे लक्षात असू द्या.

आणि २ मिलिमीटर उरलेत म्हणताय. नियमाप्रमाणे चारचाकीला १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, रेघांच्या तळाशी जे उंचवटे असतात ते त्याचीच खूण. पण पावसाळ्यात १.६ ची वाट बघू नका. रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकायला रेघेला खोली लागते. मी तर ३ ला बदलतो.


सातपूर मेंटेनन्स

मी सातपूरच्या एमआयडीसीत देखभाल विभागात आहे. टायरचा धंदा माझा नाही, पण आमच्याकडे कारखान्याच्या आत-बाहेर इलेक्ट्रिक मालगाड्या आहेत आणि त्यांच्या विजेचा हिशोब माझ्याकडे असतो. ताईंच्या रेंजच्या प्रश्नावर आकड्यांत बोलतो, कारण 'थोडी वाढते, थोडी कमी होते' याने निर्णय होत नाही.

टायर रस्त्यावर फिरताना दबतो आणि सुटतो, त्यात रबर तापतं. ती उष्णता बॅटरीतून जाते. टायर फिरताना किती अडतो, याचा एक गुणांक असतो. चांगल्या रिब रेडियलचा ०.००८ च्या आसपास आणि जाड गोट्यांच्या, जास्त घर्षणाच्या टायरचा ०.०११ धरू. भरलेली गाडी २,६०० किलोची असेल तर पहिल्या टायरवर १०० किलोमीटरला साधारण साडेपाच ते पावणेसहा युनिट केवळ टायर फिरवण्यात जातात. दुसऱ्यावर पावणेआठ. फरक दोन युनिटचा, तोही मोटर आणि वायरिंगमधला तोटा न धरता. २०-२२ युनिटच्या बॅटरीला दोन युनिट म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. संध्याकाळी पिंपळगावहून परत येताना जो टप्पा तुम्हाला टेन्शन देतो, तो याच दहाव्या हिश्शात आहे. हा हिशोब चारही चाकांना तसलेच टायर धरून आहे, दोनच बदलले तर फरक त्या प्रमाणात कमी. पेठ रोडच्या भाऊंना सेमी-लग घालणं भाग आहे, त्यांच्या रस्त्यावर तोच योग्य. ताईंचा बराचसा प्रवास डांबरी दिसतोय, म्हणून मी रिबच्या बाजूने.

फ्रिज आणि एसीवर जे ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे असतात, तसं लेबल टायरसाठीही आहे. सगळ्या टायरवर दिसत नाही, पण असेल तर जास्त ताऱ्यांचा घ्या. ते तारे याच गुणांकाचे.

आता एक महत्त्वाचं. नवे टायर घातल्यावर पहिल्या आठवड्यात तुमची रेंज कमी दिसेल. घाबरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. जुना घासलेला टायर पातळ असतो, त्यात दबायला रबर कमी, म्हणून तो हलका फिरतो. नव्याची पूर्ण जाडी असते. हा झाला खरा फरक. याखेरीज एक नुसता दिसण्यातला फरक आहे. १८५ आर १४ चा व्यास साधारण ६५० मिलिमीटर. नक्षी ८ वरून २ वर आली म्हणजे व्यास १२ ने कमी झाला, जवळजवळ दोन टक्के. लहान झालेलं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. नवे टायर घातले की तोच पिंपळगावचा रस्ता मीटरवर दीड-दोन टक्के कमी भरतो. गाडी तितकीच चाललेली असते, मीटरला ती कमी दिसते. मी आमच्या गाड्यांचं तुलनापत्रक करताना हा फरक वजा करूनच बघतो.

हवा. तुमच्या टायरची ८५० किलोची क्षमता ६५ पीएसआयला असते. हवा उतरली की क्षमताही उतरते आणि घर्षण वाढतं. मात्र ६५ हा टायरचा आकडा झाला, रोजची हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. आणि ती पहाटे, गाडी हलवायच्या आधी बघा. ६० च्या आसपास हवा असेल तर तापमान १० अंशांनी बदललं की दोन-अडीच पीएसआय बदलते. आपल्याकडे जानेवारीत निफाडचा पारा कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि एप्रिलच्या दुपारी ४० च्या जवळ. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी गरम टायरवर भरलेली हवा थंडीतल्या पहाटे सात-आठ पीएसआयने कमी निघू शकते. द्राक्षाचा माल तर त्याच पहाटे निघतो. पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही, स्वतःचा गेज घ्या, काहीशे रुपयांत चांगला येतो.


द्राक्षबाग दिंडोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

द्वारकाच्या दादांचं वाचून काल माल भरल्यावर वजनकाट्यावर गेले. आधी पूर्ण गाडी तोलली, मग पुढची चाकं काट्याच्या खाली उतरवून फक्त मागची चाकं वर ठेवली. पूर्ण २,५९० किलो, मागचा आस १,६१०. म्हणजे मागच्या एका टायरवर ८०५. कारच्या टायरची क्षमता ६१५. आकडा समोर आल्यावर पोटात गोळा आला. तो टायर माझ्या गावातल्या दोघांनी याच दुकानातून घेतलाय. त्यांना आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे, चिठ्ठी दाखवणार आहे.

पेठ रोडच्या भाऊ, तुमचं म्हणणं पटलं, पण आमच्या वाटेवर गेल्या वर्षी मुरूम टाकून रोलर फिरवलाय. बागेच्या आत गाडी नेतच नाही, क्रेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने बांधावर येतात आणि तिथे भरतो. त्यामुळे रिबच घेते. पावसात मोटर ब्रेक कमीवर ठेवायचं मात्र आजपासूनच सुरू केलं. आमच्या गाडीत ते बटण आहे, आणि गाडी देताना कुणीही त्याचा हा उपयोग सांगितला नव्हता.

आता दोन शंका उरल्यात. दोनच टायर घेते, चार नाही. नवे मागे घालू की पुढे? पुढच्यांवर साडेचार मिलिमीटर आहेत, ते मागे टाकून नवे पुढे घातले तर मागचे पुन्हा लवकर संपतील का? आणि डाव्या पुढच्या चाकाची बाहेरची कड का खातेय? पुढची हवा दोन्हीकडे सारखीच आहे, स्टिकरवर दिलीय तेवढी.


टायरवाला द्वारका

ताई, काट्यावर मागचा आस वेगळा तोललात हे फार चांगलं केलंत. ८०५ आणि ८५० मध्ये ४५ किलोचा फरक आहे, म्हणजे ५० क्रेट ही तुमची हद्द. भाव चढला म्हणून मंडळी ६० क्रेट लादतात. दहा क्रेट म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलो, आणि बहुतेक सगळे मागच्या दोन टायरवर. ५० च्या वर एकही नको. माल फळीच्या मागच्या टोकाला न रचता केबिनला टेकवून रचलात तर मागच्या आसावरचा थोडा भार पुढे जातो. काट्यावर एकदा तसंही तोलून बघा.

नवे टायर मागेच घाला. मागची पकड सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणं चांगल्या चालकालाही अवघड. पुढची सुटली तर गाडी सरळ जायला बघते, वेग कमी करून सावरता येते. घासलेले टायर मागे आणि नवे पुढे ही मांडणी पावसाळ्यात तर अजिबात नको. पुढे साडेचार आहेत, त्या चाकांना जोर लावायचा नाही, ते अजून बराच पल्ला देतील. पुढच्या वेळी चारही एकदम घेतलेत तर दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करत चला, म्हणजे चारही बरोबर संपतील. एका आसावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर कधी ठेवू नका, आणि रेडियलच्या जोडीला नायलॉन तर नाहीच.

डाव्या पुढच्या चाकाचं. हवा कमी असती तर दोन्ही कडा खाल्ल्या असत्या. टो, म्हणजे पुढची चाकं समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला असता तर बहुतेकदा दोन्ही पुढच्या चाकांवर खूण दिसली असती. एकाच चाकाची बाहेरचीच कड खाते तेव्हा मी आधी कॅम्बर बघतो, म्हणजे चाक वरून बाहेर झुकलंय का. खड्ड्यात जोरात आदळलं की असं होतं, आणि डावं चाकच आपल्याकडे कडेच्या खड्ड्यात जातं. त्या बाजूचा बॉल जॉइंट, बुश आणि बेअरिंग हलवून बघायला सांगा. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की ढिलेपणा हाताला कळतो. ढिला भाग असेल तर तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट करू नका, पैसे वाया जातात, दोन आठवड्यांत कोन पुन्हा सुटतो. अलाइनमेंट संगणकावर करून घ्या आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. नुसतं 'झालं' म्हणाले तर पैसे देऊ नका.


पेठ रोड चालक

मुरूम टाकलेला असेल तर रिबच बरोबर, ताई. माझा आग्रह नाही.

खडीचं मात्र बघत चला. रिबच्या रेघेत खडी अडकते आणि आत आत जात टायरच्या आतल्या स्टीलच्या पट्ट्यापर्यंत पोचते. सध्या रस्त्यांची कामं सुरू आहेत तोवर घरी आल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने रेघा साफ करायच्या. बोथट टोकाचा घ्या, टोकदार नको. बाजूवर फुगा किंवा कट दिसला तर पंक्चरवाल्याचं 'चालेल' ऐकू नका, एलटी टायरची बाजू दुरुस्त होत नाही.


द्राक्षबाग दिंडोरी

सोमवारी मार्केटला सुट्टी टाकून आधी पुढचं चाक दाखवते, मग टायर. रिमोल्डचं, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवण्याचं, विचारायचं राहिलं. माझे जुने टायर रिमोल्डसाठी घ्यायला एक जण तयार आहे, करून परतही देतो म्हणतो. स्टेपनीला ठेवू का?


टायरवाला द्वारका

स्टेपनी म्हणून चालेल, अट एवढीच की बाजूला कट, फुगा नसावा आणि मूळ टायरचं वय पाच वर्षांच्या आत असावं. पुढच्या चाकांना रिमोल्ड कधीच नाही. भरल्या मालावर लागला तर वेग ४० च्या खाली ठेवून जवळच्या दुकानापर्यंत, त्याच्यावर पिंपळगाव गाठायचं नाही. पैसे पुरत असतील तर पुढचे जे साडेचारवाले आहेत, ते उतरतील तेव्हा त्यातला चांगला एक स्टेपनीला ठेवा आणि रिमोल्डचा खर्च वाचवा.

नवे बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. नव्या टायरच्या वेळी रिंग काढलेली असते, नट थोडे बसतात. टॉर्क पान्याने आवळायला सांगा, किती ते गाडीच्या पुस्तकात आहे. बिलावर दोन्ही टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात.